एका वेळी एकच आकडा!

पीआयडी कंट्रोलरचं सूत्र तुम्ही फाइलमध्ये कितीदा उतरवलंय? आणि 'गेन' वाढवल्यावर नेमकं काय होतं, ते डोळ्यांनी कितीदा पाहिलंय? पाहिलं नसेल, तर डिजिटल मॉडेल रेल्वेकडे वळा. पोरखेळ म्हणून हसू नका.

या इंजिनात बोटाच्या पेराएवढा डिकोडर असतो. तो मोटरची वीज क्षणभर तोडतो. फिरती मोटर तेवढ्यापुरती जनरेटर बनते. तो उलटा व्होल्टेज मोजून डिकोडर वेग ओळखतो आणि वीज कमी-जास्त करतो. हे सगळं ठरतं 'सीव्ही' नावाच्या आकड्यांवर. सीव्ही २ सुरुवातीचा व्होल्टेज, ३ वेग घेण्याचा, ४ थांबण्याचा. ईएसयू या जर्मन कंपनीच्या डिकोडरमध्ये ५४ आणि ५५ वर तर आपल्या पुस्तकातलेच 'पी' आणि 'आय' बसलेत!

गाडी धक्के देत निघाली की अनेक जण चार-पाच सीव्ही एकदम बदलतात. मग सुधारलं तरी कशामुळे, ते कळत नाही. माझं मत साधं आहे : मूळ आकडे वहीत लिहा. ३ आणि ४ शून्य करा, म्हणजे कृत्रिम जडत्व आड येणार नाही. मग एकच आकडा बदला आणि सगळ्यात कमी वेगावर गाडी पळवून बघा.

छंद महाग आहे, मान्य. पण ग्रुपने वर्गणी काढून एक इंजिन, एक डिजिटल कंट्रोलर आणि मीटरभर रूळ घेतला, तरी पुरे.

प्रॅक्टिकलला रीडिंग 'ॲडजस्ट' करता येतं. रुळावरचं इंजिन मात्र धक्का देऊन खरं काय ते सांगतं.