वीस रुपयांची शक्ती

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शरीरशास्त्रात माझी गती नाही. पण वीस रुपये खर्चले तर पदरात काय पडले, हे विचारण्याची सवय आम्हाला पहिल्या वर्षापासून लावतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे घर पांढुर्ण्याचे. पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, तो आमचा. दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा आंबिया बहाराची संत्री गाड्यांत चढत होती आणि माझा मावसभाऊ सैन्यभरतीच्या तयारीला लागला होता. पहाटे मैदान, संध्याकाळी जिम, आणि दोन्ही वेळा हातात एनर्जी ड्रिंकची बाटली. "दादा, हे पेलं की दम लागत नाही," असे तो म्हणे. एका पहाटे त्याने रिकाम्या पोटी दोन बाटल्या घेतल्या आणि तिसऱ्या फेरीला छाती धरून खाली बसला. धडधड थांबायला तास लागला. मावशीला आम्ही सांगितले नाही. आता हे छापून आल्यावर कळेलच.

त्या दिवशी मी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला. लहान मुले, गर्भवती आणि कॅफीन न सोसणारे यांनी घेऊ नये. दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. सगळे इंग्रजीत. आपल्या अंकात मराठी आणि कानडी असे दोन विभाग आहेत. मला जाहिरात दोन्ही भाषांत कळते, हा इशारा मात्र शब्दकोश घेऊन वाचावा लागला.

जिममध्ये ज्या पेयांची तुलना रंगते ती मुळात दोन निराळ्या जातींची आहेत. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी घामाघूम होणाऱ्या फुटबॉल खेळाडूंसाठी पाणी, मीठ व साखर यांचे गेटोरेड तयार केले. रेड बुलचे मूळ मात्र थायलंडमधल्या एका पेयात आहे. तिकडचे ट्रकचालक आणि कामगार ते जागे राहण्यासाठी घेत. १९८७ मध्ये ऑस्ट्रियात ते नव्या रूपात विक्रीस आले. आपण झोप उडवणारे पेय घेतो आणि त्याने घामाची भरपाई करावी अशी अपेक्षा धरतो!

आता हिशेब. आपल्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या वर नसावे. म्हणजे २५० मिलीत फार तर ७५. कॅफीनने व्यायामात फरक पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी सहसा सांगितले जाणारे प्रमाण वजनाच्या किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या मुलाला १८० तरी हवे, आणि बाटलीवरची मर्यादा पाळली तर दिवसभरात १५० च्या वर मिळत नाही. शिवाय भरतीची १६०० मीटरची धाव सहा मिनिटांच्या आसपास संपते. तेवढ्यात अंगातला साखरेचा साठा काही संपत नाही. तासाभराच्या व्यायामालाही साधे पाणी पुरते.

त्याहून जास्त मेहनत असेल तर? अर्धा लिटर संत्र्याचा रस, तेवढेच पाणी आणि १ ग्रॅम मीठ. यात साखर चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम आणि सोडियम सुमारे ४०० मिलिग्रॅम येते. गेटोरेडच्या लिटरमध्ये साखर साठ ग्रॅमच्या जवळपास, सोडियम साडेचारशेच्या. मावशीच्या घरी संत्र्याची बाग आहे, हे सांगायचे राहिलेच. आंबिया सरला की फेब्रुवारी-मार्चला मृग बहार येतो. पुढे उन्हाळ्यात लिंबू.

हे सगळे मावसभावाला वहीत मांडून दाखवले. त्याने नीट ऐकले आणि म्हणाला, "दादा, बरोबर आहे तुझं. पण जिममध्ये घरचा रस पेलो तर पोरं हसतात." यावर मला उत्तर सुचले नाही. सध्या तो रस त्याच रिकाम्या बाटलीत भरून नेतो.