आपत्तीतल्या मदतीला माप हवंच

ताप आलेल्या मुलाला आपण 'थोडंसं' औषध देत नाही. वजन बघतो, वय बघतो आणि मग किती मिली द्यायचं ते ठरवतो. कमी दिलं तर उपयोग नाही, चुकीचं दिलं तर अपाय. पूर, भूकंप, दरड अशा आपत्तीनंतर जी मदत दिली जाते, तिच्याबाबतीत मात्र आपण हा विचार करत नाही. ट्रक भरला, फलक लावला, निघालो. तिथे काय हवं आहे, किती हवं आहे आणि दिलेलं पुरलं का, हे विचारायचं राहून जातं.

२०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर असो की २०२१ चा चिपळूण-महाडचा, महाराष्ट्रातला सामान्य माणूस मदतीला धावला. त्या भावनेबद्दल मला आदरच आहे. पण मदत हाही एक प्रकारचा उपचार आहे आणि उपचाराला मात्रा असते, असं माझं स्पष्ट मत आहे. ही मात्रा कुणी ठरवली आहे, ती किती आहे आणि तुम्हाआम्हाला तिचा काय उपयोग, ते आज पाहू.

मापं का ठरवावी लागली?

१९९४ मध्ये रवांडातल्या वंशसंहारानंतर लाखो लोक सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा शहराजवळ आले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. शौचासाठी खड्डा खणता येईना, मृतांना पुरताही येईना. पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेलं पाणी माणशी दिवसाला सरासरी पाव लिटरसुद्धा मिळत नव्हतं. आधी कॉलरा आला, मागोमाग रक्ती आव. पहिल्या महिनाभरात सुमारे ५०,००० माणसं मेली, आणि त्यातली बहुतेक अतिसाराच्या आजारांनी.

कॉलराचा रोगी वेळेवर जलसंजीवनी किंवा सलाइन मिळालं तर वाचतो, हे आपण जाणतो. गोमात संस्था होत्या, डॉक्टर होते, पैसाही आला. पण पाणी, शौचालयं आणि जलसंजीवनी यांचा मेळ वेळेत बसला नाही. रवांडातल्या या सगळ्या मदतकार्याची नंतर मोठी तपासणी झाली. तेव्हा जाणवलं की मदत करणाऱ्यांचा हेतू चांगला असणं पुरत नाही. १९९७ मध्ये रेड क्रॉस-रेड क्रेसेंट चळवळ आणि अनेक स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन 'स्फिअर' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याची मार्गदर्शिका जगभर वापरली जाते. तिची चौथी आवृत्ती २०१८ ची आहे.

तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: आपत्तीत सापडलेल्या माणसाला सन्मानाने जगण्याचा आणि मदत मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे मदत हे उपकार नाहीत. हे मान्य केलं की 'जे मिळालं ते घ्या' असं म्हणता येत नाही.

मापं कोणती?

काही मुख्य आकडे असे:

- पाणी: पिणं, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर.
- नळ: जास्तीत जास्त २५० माणसांमागे एक. घरापासून ५०० मीटरच्या आत.
- शौचालय: अगदी सुरुवातीला ५० माणसांमागे एक, लवकरात लवकर २० माणसांमागे एक.
- निवारा: माणशी किमान ३.५ चौरस मीटर झाकलेली जागा.
- अन्न: माणशी दिवसाला सरासरी २,१०० किलोकॅलरी.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ मध्ये मदतीची किमान मानकं ठरवण्याची तरतूद आहे. त्यानुसार राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचनाही दिल्या आहेत. त्यांत माणशी ३.५ चौरस मीटर जागा, ३० माणसांमागे एक शौचालय, स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळी सोय, आणि शौचालय शिबिरापासून ५० मीटरच्या आत, अशा गोष्टी आहेत. मोठ्यांसाठी २,४०० आणि मुलांसाठी १,७०० किलोकॅलरी हा हिशोबही दिला आहे.

शाळेतल्या शिबिराचं गणित

आपल्याकडे पूर आला की शिबिर गावातल्या शाळेत भरतं. समजा, २० फूट बाय २५ फुटांची एक वर्गखोली आहे. ही झाली साधारण ४६ चौरस मीटर. मापाप्रमाणे तिथे १३ माणसं राहू शकतात. प्रत्यक्षात तिथे ४०-५० जणांना दाटीवाटीने झोपवलं, तर खोकल्याचे आजार, गोवर आणि खरूज यांना आपणच दार उघडून देतो.

शिबिरात २०० माणसं असतील तर दिवसाला ३,००० लिटर पाणी लागेल. म्हणजे १०,००० लिटरचा टँकर तीन दिवसच पुरेल. शौचालयं आपल्या सरकारी मापाने किमान सात आणि स्फिअरच्या मापाने दहा हवीत. हे गणित पाचवीतलं मूल करू शकतं. पाऊस सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीने ते एकदा मांडून ठेवलं, तर ऐनवेळी धावपळ होणार नाही.

नुसतं पाणी मिळून भागत नाही, ते शुद्ध आहे का हेही बघावं लागतं. क्लोरीन टाकल्यावर अर्ध्या तासाने नळाच्या किंवा टाकीच्या पाण्यात ते थोडं शिल्लक असायला हवं, लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. आरोग्यसेवक जी 'ओटी टेस्ट' करतात ती यासाठीच. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. 'टीसीएल पावडर टाकली आहे' या उत्तरावर थांबू नका, 'ओटी बघितली का?' असं विचारा.

शौचालय हा बायकांच्या आरोग्याचा प्रश्न

शिबिरातल्या बायकांशी निवांत बोललं की एक गोष्ट हमखास कळते. शौचालय लांब असेल, दिवा नसेल, कडी नसेल, तर त्या संध्याकाळनंतर पाणी पीतच नाहीत. मग लघवीची जळजळ, ताप, बद्धकोष्ठता. गरोदर बाईला लघवीचा संसर्ग झाला तर तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि वेळेआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. म्हणून स्फिअर सांगतं की सामायिक शौचालयांत पुरुषांच्या एकामागे बायकांची तीन असावीत. आतून कडी, उजेड, पाणी आणि सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाची बादली, हे सगळं त्यातच आलं.

एक ट्रक जुने कपडे पाठवण्याच्या खर्चात किती कड्या आणि किती दिवे बसतील, याचा विचार करून बघा.

दुधाची पावडर पाठवू नका

हे वाचून अनेकांना वाईट वाटेल, पण सांगायलाच हवं. तान्ह्या बाळांसाठी म्हणून पाठवलेली दुधाची पावडर आणि बाटल्या हे आपत्तीतलं सर्वांत घातक दान आहे. उकळलेलं पाणी नाही, बाटली धुवायची सोय नाही, आणि पावडर संपल्यावर आईचं दूध आटलेलं. इंडोनेशियात २००६ मध्ये योग्याकार्ताच्या भूकंपानंतर पाहणी झाली. दान आलेली पावडर मिळालेल्या लहान मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट आढळलं. आपल्याकडेही १९९२ च्या कायद्याने अशा पावडरीच्या वाटपावर बंधन आहे.

'धक्क्याने दूध गेलं' असं आई म्हणते तेव्हा दूध बहुतेक वेळा गेलेलं नसतं. तिला आडोसा, पोटभर जेवण, पाणी, धीर आणि बाळाला पुन्हा पुन्हा अंगाशी घ्यायला वेळ हवा असतो. ज्या बाळाला आईच नाही, त्याला पावडर लागेलच. पण ती डॉक्टरांच्या किंवा आशाताईंच्या देखरेखीखाली, कप-चमच्याने.

औषधांचं दान

घरातल्या उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या पिशवीत भरून पाठवणं हेही टाळा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ पासून औषधदानाचे नियम केले आहेत: मागणी असलेलीच औषधं, स्थानिकांना वाचता येईल असं नाव, आणि पोहोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक. हे नियम झाले तेच अनुभवातून. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियात गेलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी होती. ती जाळायची कुठे हाच नवा प्रश्न झाला.

पुरात वाहून जातात त्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या, क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या. इन्सुलिन वाहून जातं. चार दिवस ती मिळाली नाहीत तर माणूस पुरातून वाचूनही दगावू शकतो. म्हणून शिबिरात पहिल्याच दिवशी 'रोजचं औषध कुणाचं चालू आहे?' ही यादी व्हायला हवी. ती प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या, औषधं तिथून येऊ द्या.

मदतीला जाणाऱ्यांसाठी

- जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला विचारल्याशिवाय निघू नका. तुमचं जेवण, पाणी आणि झोपायची सोय तुमची तुम्ही करा.
- पुराच्या पाण्यात गमबूट घालूनच उतरा. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. ती गरोदर बायकांना आणि लहान मुलांना चालत नाही.
- पुरानंतर ताप आला, अंग फार दुखलं किंवा डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका.
- माणसांशी बोलताना तीन गोष्टी: आधी नीट पाहा, मग ऐका, मग योग्य ठिकाणी जोडून द्या. काय घडलं ते पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका.
- मदत घेतानाचा फोटो काढू नका. फारच गरज असेल तर विचारून.
- पाळ्या लावून काम करा. झोप न झालेला स्वयंसेवक चुका करतो, चिडतो, आणि घरी आल्यावर महिनोन् महिने अस्वस्थ राहतो.

'एवढं परवडतं का?'

हा आक्षेप नेहमी येतो. आमच्या गावात एरवीसुद्धा माणशी १५ लिटर पाणी मिळत नाही, मग शिबिरात कुठून आणणार? आक्षेप खरा आहे. पण ज्या गावाला एरवीच पाणी कमी, तिथे माप खाली आणायचं की गावाचं पाणी वाढवायचं? स्फिअरही आंधळेपणाने आकडे गाठा असं सांगत नाही. आकडा गाठता आला नाही, तर का नाही, त्याचा परिणाम काय आणि तोवर धोका कमी कसा करणार, हे सांगा, असं ते म्हणतं. डॉक्टर रक्तदाब मोजतो तो रोग्याला नापास करायला नव्हे. मोजलं नाही तर उपचार बरोबर चाललेत की नाही हेच कळत नाही, म्हणून.

शिबिरात राहणाऱ्या माणसालाही हे आकडे ठाऊक असायला हवेत, असं मला वाटतं. शिबिराच्या फळ्यावर ते मराठीत लिहा, शेजारी तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहा. 'बायकांसाठी आणखी तीन शौचालयं हवीत' असं एखादी आजी आकड्यानिशी म्हणाली, की तिला 'थोडं जमवून घ्या' असं सांगणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीत, मंडळात किंवा कार्यालयात मदत गोळा होईल, तेव्हा एवढंच विचारा: तिथे माणसं किती आहेत? काय कमी पडतंय ते त्यांना कुणी विचारलं का? आणि आपण पाठवतोय ते पुरेसं झालं, हे आपल्याला कोण कळवणार? उत्तरं मिळेपर्यंत ट्रक थांबवा. आवश्यक वाटलं तर कपड्यांऐवजी पैसे पाठवा. आणि हा लेख तुमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांपर्यंत जरूर पोहोचवा.