मोडक्या धनुष्याचा धडा

सीतास्वयंवराच्या कथेंत धनुष्य मोडणाऱ्याच्या गळ्यांत वरमाला पडली. परंतु आपल्या हातानें तयार केलेलें धनुष्य पहिल्याच ओढीस कडकन् मोडलें म्हणजे शाळकरी मुलाच्या वांट्यास सोबत्यांचें हंसें आणि वडीलधाऱ्यांचे दोन कठोर शब्द येतात. मग ते तुकडे उकिरड्यावर जातात, आणि ‘हें आपलें काम नव्हे’ असें ठरवून मुलगा तो नाद कायमचा सोडून देतो. माझ्या मतें धनुष्य मोडण्यांत फारशी हानि नाहीं; तें कां मोडलें हें न पाहतां फेंकून देण्यांत मोठी हानि आहे.

लाकूड म्हणजे लांब तंतूंची जुडीच होय. प्रत्यंचा ओढतांच धनुष्याच्या पाठीवरील, म्हणजे लक्ष्याकडील बाजूचे, तंतू ताणले जातात आणि पोटाचे, म्हणजे तिरंदाजाकडील बाजूचे, दाबले जातात. पाठीवर रंधा वेडावांकडा फिरून तंतू मध्येंच तुटले असतील, अथवा तेथें गांठ असेल, तर चीर बहुधा तेथूनच उघडते. दुसरें कारण विषम तासणी. एकच जागा पातळ राहिली म्हणजे सगळा वांक तेथें एकवटतो, आणि तेवढ्या वीतभर लाकडावर साऱ्या धनुष्याचा भार पडतो. तिसरें कारण ओल. ओलें लाकूड वांकलें कीं वांकलेलेंच राहतें. उलट आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील वैशाखाच्या उन्हांत टाकून ठेवलेलें लाकूड अति शुष्क होऊन ठिसूळ बनतें. चौथें कारण माणसाच्या उतावीळपणाचें: बेताबाहेर ओढणें, किंवा बाण न लावतां नुसतीच प्रत्यंचा ओढून सोडणें. बाणास मिळावयाचा जोर त्या वेळीं धनुष्यासच सोसावा लागतो.

ही अडचण आजची नव्हे. आल्प्स पर्वताच्या बर्फांत १९९१ सालीं सुमारें ५३०० वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याचें शरीर सांपडलें. त्याच्याजवळ १.८२ मीटर लांबीचें धनुष्य होतें. तें अर्धवट तासलेलें असून त्यावर हत्याराच्या खुणा दिसतात. पुढें १५४५ सालीं रॉजर अ‍ॅस्कम या इंग्रज विद्वानानें तिरंदाजीवर ग्रंथ लिहिला, त्यांत धनुष्यें कशानें मोडतात याचाही विचार केला. हाच गृहस्थ नंतर राजकन्या एलिझाबेथ हिचा शिक्षक झाला. अशा गुरूस जो प्रश्न क्षुद्र वाटला नाहीं, तो आमच्या पालकांसही क्षुद्र वाटूं नये.

शिकावें मात्र कोणापाशीं? एकलव्याप्रमाणें एकट्यानेंच शिकण्याचा हट्ट धरण्याचें कारण नाहीं. सातपुड्यांतील भिल्ल समाजांत कळकाचें धनुष्य करण्याची विद्या पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. त्यांच्या कित्येक धनुष्यांची दोरीसुद्धां कळकाच्याच चिवट कामटीची असते. आपल्याकडे ती परंपरा नसली, तरी कळक चिरणारे बुरूड आणि बाभळीचें लाकूड जाणणारे सुतार आहेत. तंतू कोणत्या बाजूस धांवतो हें त्यांस आमच्यासारख्या पदवीधरांपेक्षां पुष्कळ अधिक कळतें.

नवशिक्यानें पहिलें धनुष्य पक्क्या, वाळलेल्या कळकाचें करावें. सालीची बाजू पाठीस ठेवून तिला हत्यार लावूं नये, कारण बळकट तंतू तेथेंच दाट असतात. सर्व तासणी आंतल्या बाजूनें करावी. बाण ६० सेंटिमीटर ओढावयाचा असेल तर धनुष्य निदान १५० सेंटिमीटर लांब असावें. प्रथम तें चार बोटेंच वांकवावें. दोन्ही बाहूंचा वांक सारखा आहे कीं नाहीं हें दुसऱ्यानें समोर उभें राहून पाहावें. जो भाग ताठ असेल तोच थोडा खरवडावा. पातळ भागास हात लावूं नये. वीस वेळां हलकें ओढून पुन्हां पाहावें, आणि मगच आणखी चार बोटें वांकवावें. एका दुपारीं सर्व उरकूं पाहणाऱ्याचें धनुष्य बहुधा मोडतेंच. बारीक चीर दिसतांच थांबावें, कारण उडालेली कपची डोळा घेऊं शकते. म्हणून हें सारें मोठ्या माणसाच्या नजरेखालींच व्हावें, आणि बाण मनुष्याकडे वा जनावराकडे कधींही रोखूं नये.

कोणी पालक विचारतील, ‘यानें पदक मिळेल काय?’ सातारा जिल्ह्यांतील कु. अदिती स्वामी हिनें २०२३ सालीं बर्लिन येथें वयाच्या सतराव्या वर्षीं जागतिक विजेतेपद मिळविलें, तें कारखान्यांत बनलेल्या चाकांच्या धनुष्यानें व शिस्तबद्ध सरावानें. पदक हवें असेल त्यानें तोच मार्ग धरावा. हातच्या धनुष्याचें फळ निराळें आहे. गणितांतील चूक शिक्षक तांबड्या शाईनें दाखवितो. येथें ती लाकूड स्वतःच दाखवितें, आणि त्याच्यापुढें सबब चालत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी कीं, हस्तव्यवसायाच्या तासास वर्षांतून कांहीं दिवस एखाद्या बुरूड वा सुतार कारागिरास योग्य मोबदला देऊन, गुरु म्हणून मानानें बोलवावें. मोडलेलें प्रत्येक धनुष्य वर्गाच्या भिंतीवर टांगावें, आणि तें कोठें व कां मोडलें हें करणाऱ्यानेंच खालीं एका ओळींत लिहावें. पुढल्या वर्षींच्या मुलांस तीच भिंत पाठ्यपुस्तक होईल. तोंवर घरीं ते तुकडे उकिरड्यावर टाकण्याची घाई पालकांनीं करूं नये, एवढीच विनंति.