मस्टर उघडे ठेवा, मोबाइल नंबर झाका!

सुरगाणा तालुक्यातील ग्रामपंचायत कर्मचारी, शिक्षक, सेवा केंद्रचालक, बचत गट आणि सर्व मोबाइलधारकांना तातडीचे आवाहन



घरकुलाची यादी लागली की तिचा फोटो लगेच गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. नाव, गाव, मोबाइल नंबर, बँक खाते, सगळे एका ओळीत. हेतू चांगलाच असतो, पण तोच फोटो फिरत फिरत ठगाच्या हाती पडतो आणि फोन येतो: “ताई, उंबरठाणहून ना तुम्ही? घरकुलाचा हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा.” नाव बरोबर, गाव बरोबर, योजनाही बरोबर. मग संशय यावा तरी कसा?

आपल्या डोंगरातली माहिती कोण शोधणार, या भ्रमात राहू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपच्या असंख्य लिंक गूगलवर सापडत होत्या. आत शिरले की सभासदांचे नंबर समोर! जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल नंबर दिला, की कोविड लसीच्या वेळी दिलेले नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक मिळत असल्याचे उघड झाले. रोजगार हमीसह चार सरकारी पोर्टलवरून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले असावेत, असा अंदाज बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने २०१७ मध्येच मांडला होता.

याचा अर्थ याद्या दडवा असा मुळीच नाही. रोजगार हमीचे मस्टर उघडे असते म्हणूनच बोगस मजूर पकडता येतो. नाव आणि मजुरी गावाला कळलीच पाहिजे. मोबाइल, खाते आणि आधार क्रमांक कळण्याचे मात्र काहीच कारण नाही.

म्हणून आजच एवढे करा:

• यादी टाकण्याआधी हे तिन्ही रकाने झाका. ग्रुपवरचे जुने फोटो काढा, ग्रुपची लिंक बदला.

• सेवा केंद्रात काम झाले की आधार-पासबुकाच्या स्कॅन प्रती आपल्यासमोर डिलीट करून घ्या. शक्य तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्या.

• बोरगाव-हतगड भागातील स्ट्रॉबेरीवाल्यांनो, नंबर लपवून धंदा होत नाही हे खरे. पण फलकावर आणि फेसबुकवर वेगळ्या सिमचा नंबर टाका. बँकेला जोडलेला नको.

• दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जाणाऱ्यांनी मुकादमाला आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

• आपला नंबर गूगलवर टाकून पाहा. सापडला तर ज्या साइटवर आहे तिला काढायला सांगा आणि गूगलकडेही अर्ज करा. गूगल फक्त शोधातून काढते, मूळ पान तसेच राहते. ट्रूकॉलरवरूनही नंबर हटवता येतो.

संशयित फोन आला तर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत कळवा. पैसे गेले तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका. तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

ग्रुप ॲडमिन मंडळी, सुरुवात तुमच्यापासून. आज रात्री झोपण्याआधी आपापला ग्रुप तपासा.