कर्जमाफीची खतावणी आणि संगणकांचा मेळ

जून २०१७च्या शेतकरी संपाची धग नाशिक जिल्ह्याने विशेष अनुभवली. त्याच महिन्यात राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लगोलग लाभार्थ्यांच्या याद्यांतील चुका उघड होऊन काम अडले. संगणकाने घोळ घातला, असा निर्वाळा तेव्हा सर्वत्र दिला गेला. हे निदान सोयीचे असले तरी अपुरे आहे.

निफाड वा दिंडोरीच्या शेतकऱ्याचा हिशेब एका ठिकाणी नसतो. पीककर्जाची नोंद गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या खतावणीत, तीच रक्कम जिल्हा बँकेच्या संगणकात, जमीन महसूल खात्याच्या सातबारावर आणि ओळख आधारमध्ये. प्रत्येक दप्तर आपापल्या गरजेसाठी तयार झाले. योजनेने मात्र लाभ ठरवला तो कुटुंबाला, म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले यांना मिळून. बँकेच्या दप्तरी खातेदार असतो, कुटुंब नसते! म्हणून शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज घेतले, बँकांकडून वेगळी माहिती मागवली आणि दोन्हींचा मेळ घालू पाहिला, तो बसेना.

जुन्या संगणकप्रणाली जोडण्यासाठी तज्ज्ञ सेवाभिमुख रचना सुचवतात. जुनी प्रणाली मोडायची नाही, सगळी माहिती एका रांजणात ओतायचीही नाही. प्रत्येकीपुढे एक खिडकी ठेवायची. ठरलेल्या नमुन्यात प्रश्न विचारावा (३० जून २०१६ रोजी या खात्यावर थकबाकी किती?) आणि ठरलेल्या नमुन्यात उत्तर मिळावे. वर्षानुवर्षांचे काम वाया जात नाही, हा यातील अर्थशास्त्रीय लाभ मोठा आहे. परंतु दप्तरात जे नाही ते खिडकी देऊ शकत नाही, आणि शब्दांचे अर्थ आधी ठरावे लागतात. नाशिककराला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक. बँकेतल्या माणसाला कोअर बँकिंग. ‘कुटुंब’ कोणते, ‘थकबाकी’ कोणती, हे ठरवणे प्रोग्रामरचे काम नव्हे. ते धोरणकर्त्यांचे आहे.

डिसेंबर २०१९च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत व्यक्ती हा निकष धरला, अर्ज मागितले नाहीत, बँकांच्याच नोंदींवरून याद्या लावल्या आणि रकमेची खात्री शेतकऱ्याकडून करून घेतली. म्हणजे दप्तराला उत्तर देता येईल असाच प्रश्न विचारला गेला.

आता सोसायट्यांची पाळी आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था एका सामायिक प्रणालीवर आणण्यासाठी २,५१६ कोटींचा कार्यक्रम मंजूर केला. पुढे संस्थांची संख्या वाढवली गेली. खतावणीतली चूक आजवर गावापुरती राहत असे. जोडणी झाली की ती एकाच वेळी सर्वत्र खरी ठरते. ती दुरुस्त करण्याचा अधिकार गावातच, सोसायटीच्या कार्यालयात, कारण व तारीख नोंदवून असला पाहिजे. आणि केलेली दुरुस्ती आपोआप वरपर्यंत पोचली पाहिजे. अन्यथा नावातल्या एका काना-मात्रेसाठी शेतकरी सोसायटीतून शाखेत, शाखेतून तालुक्याला आणि तेथून नाशिकला हेलपाटे घालत राहील. नोंदी प्रणालीत चढवण्यापूर्वी प्रत्येक सभासदाच्या हाती त्याच्या खात्याचा छापील उतारा द्यायला या कोट्यवधींच्या खर्चात अशी किती भर पडणार आहे?