पॅनेलखालचा वारा

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ साली पूर्णत्वास गेलेले सिद्धेश्वर धरण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हेही ठाऊक असते की त्याच्या वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्याच्या हद्दीत, येलदरी धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे, आणि तेथे वीज देऊन मोकळे झालेले पाणीच पुढे सिद्धेश्वरच्या जलाशयात उतरते. पाणी किती उंचीवरून चक्रावर पडावे, याचा त्या काळच्या अभियंत्यांनी जो सूक्ष्म विचार केला, त्याचा शतांशही आज याच परिसरातील घरांच्या, शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या छपरांवर सौरपॅनेल चढविताना होत नाही, ही गोष्ट मला अतिशय खटकते.

सध्या सारा व्यवहार किलोवॉटांत चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटांना एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. योजना स्तुत्य आहे, यात संशय नाही. परंतु पॅनेलच्या पाठीवर छापलेले वॉट ज्या परिस्थितीत मोजलेले असतात, ती परिस्थिती मराठवाड्याच्या छपरावर क्वचितच अवतरते. ती मोजणी प्रयोगशाळेत, दर चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश पाडून आणि पॅनेलमधील सिलिकॉनचे उष्णमान २५ अंश राखून केलेली असते. त्यावर चढणाऱ्या प्रत्येक अंशागणिक सिलिकॉनचा विद्युत्‌दाब उतरतो, आणि उत्पादन साधारणतः ०.३५ टक्क्याने घटते. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा उण्या चिन्हासह नमूद असतो, पण खरेदीदाराला तो कोणी वाचून दाखवीत नाही.

वैशाखातल्या दुपारी, सावलीतला पारा बेचाळीसवर असताना, पॅनेलवर पडणाऱ्या प्रकाशाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच वीज होते आणि उरलेल्याची बहुतांशी उष्णता होते, म्हणून मोकळ्या हवेत उभे असलेले चांगले पॅनेलही सत्तर अंशांच्या घरात जाते व आपल्या नाममात्र शक्तीचा सुमारे सहावा हिस्सा तेथेच गमावून बसते. हा तोटा निसर्गाचा आहे, तो सोसलाच पाहिजे. पण जेथे पॅनेल तापल्या पत्र्यावर थेट पट्ट्यांनी आवळून टाकलेले असते, तेथे खालची हवा कोंडते, पत्रा आणि पॅनेल एकमेकांना तापवीत राहतात, आणि आणखी दहा अंश चढले तर आणखी साडेतीन टक्के वीज हातची जाते. हा दुसरा तोटा मात्र सर्वस्वी आपण ओढवून घेतलेला आहे. पॅनेल आणि पत्रा यांच्यात वीत-दीड वीत अंतर सोडले, आणि वाऱ्याला एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघायला वाट ठेवली, तर तो बराचसा टळतो; शिवाय सावलीत आलेला पत्रा कमी तापल्याने खाली बसलेल्या मुलांनाही दिलासा मिळतो. जुन्या माळवदांच्या जाड मातीने जे काम केले, त्याची थोडीशी भरपाई एवढ्यानेही होते.

कोनाविषयी लोक पुष्कळ वाद घालतात, आणि त्यात जरा अतिरेकच होतो. सिद्धेश्वर साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, तेव्हा दक्षिणेकडे तोंड करून वीस अंशांच्या जवळपास कलविलेले पॅनेल वर्षाच्या हिशेबाने उत्तम ठरते. चार-पाच अंश इकडेतिकडे झाल्याने एखाद्या टक्क्याहून अधिक बिघडत नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तर माध्यान्हीचा सूर्य येथे डोक्याच्याही उत्तरेस सरकतो, आणि तेव्हा हा कल किंचित नडतोच. परंतु २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ४७ अंश वर असतो. त्या दिवशी सपाट पॅनेलपेक्षा वीस अंश कललेल्या पॅनेलवर पाव हिश्शाने अधिक थेट ऊन पडते, तेही आकाश निरभ्र आणि हवा थंड असताना, म्हणजे पॅनेल सर्वांत आनंदाने काम करण्याच्या ऋतूत. शिवाय कललेल्या काचेवरची धूळ पावसाबरोबर ओघळून जाते, सपाट काचेवर तिचा चिखल होऊन वाळतो.

स्लॅबच्या गच्चीवर दुसरीच अडचण असते. ज्या डिसेंबरात सूर्य उतरतो, त्याच डिसेंबरात दक्षिणेच्या कठड्याची सावली भर दुपारीही जवळजवळ कठड्याच्या उंचीइतकी आत येते, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या टाकीची सावली तर सारी गच्ची ओलांडते. पॅनेले एका माळेत जोडलेली असल्याने एका कोपऱ्यावरची सावली तेवढ्या कोपऱ्याची वीज घेऊन थांबत नाही, तिचा फटका पुढच्यांनाही बसतो. बसविण्याचा दिवस एप्रिलमधला असेल, तर ही सावली कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पॅनेल उंच व कलते ठेवले तर अवकाळीच्या वादळात ते उडून जाईल, अशी भीती गुत्तेदार दाखवितो, आणि ती निराधार नाही. परंतु तिचा उपाय पॅनेल पत्र्याला चिकटविणे हा नसून सांगाडा भक्कम करणे, त्याचे पाय काँक्रीटमध्ये रोवणे आणि पत्र्याखालच्या कैच्यांची ताकद आधी तपासणे हा आहे. त्याला खर्च येतो, हे खरे. पण पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची देतात, आणि दरसाल हुकणाऱ्या युनिटांची बेरीज त्या खर्चाच्या शेजारी मांडून पाहिली पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, तपासनीस ज्या अहवालावर सही करतो आणि ज्यावर अनुदानाची मंजुरी अवलंबून असते, त्यात किलोवॉटांबरोबर दिशा, कोन, पॅनेल व छप्पर यांतील अंतर आणि डिसेंबरातली सावली, हे चार रकाने सक्तीचे असावेत. आणि जिल्हा परिषदेच्या शाळा व ग्रामपंचायतींच्या इमारती यांचे काम ज्या करारांनी दिले जाते, त्यांत गुत्तेदाराच्या देयकाचा काही हिस्सा वर्षभर राखून ठेवावा, आणि एक उन्हाळा व एक हिवाळा उलटल्यावर, नेट मीटरवरची प्रत्यक्ष युनिटे वाचूनच तो अदा करावा.