दप्तर की खेळणं?

मंडळी, पाठीला लावायची एक छोटीशी सॅक डोळ्यासमोर आणा. प्लॅस्टिकची, गुलाबी, पुढे कार्टूनमधलं कोणीतरी हसतंय. चार वर्षांच्या पोरीने तिच्यात बाहुली, दोन खडू आणि अर्धं खाल्लेलं बिस्कीट कोंबलंय. आता सांगा, ही बॅग की खेळणं?

घरात या प्रश्नाला काडीची किंमत नाही. बंदरात मात्र आहे, आणि ती टक्क्यांत मोजतात.

कस्टम्सवाले माल एच.एस. कोडने ओळखतात. ही पद्धत १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळ्या जगात सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे (आपल्याकडे एकूण आठ, अमेरिकेत दहा). सुटकेस, दप्तर, सॅक, पर्स हे सगळं ४२०२ मध्ये. खेळणी ९५०३ मध्ये. शिवाय ९५व्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच टीप आहे की ४२०२ मधल्या बॅगा इथे घुसवायच्या नाहीत. म्हणजे एक्सेप्शन हँडलिंग आधीच करून ठेवलंय :-)

तरी भांडण कोर्टात गेलंच. अमेरिकेत प्रोसेस्ड प्लॅस्टिक कंपनीने मुलांच्या अशाच सॅक आणि बीचवर न्यायच्या पिशव्या मागवल्या आणि म्हणाली, ही खेळणी आहेत. का? तिथे तेव्हा खेळण्यांवर ड्यूटी शून्य आणि अशा बॅगांवर २० टक्के! २००६ मध्ये कंपनी अपिलातही हरली. मुद्दा साधा होता: मुख्य उपयोग खेळण्याचा की सामान ठेवण्याचा? बॅग मजेशीर दिसते एवढ्यावर ती खेळणं होत नाही.

मला हा निकाल पटतो. पण गंमत बघा, त्याआधी २००० मध्ये तिथल्याच व्यापार न्यायालयाने कार्टून पात्रांच्या आकाराच्या बबल बाथच्या बाटल्यांना खेळणी ठरवलं होतं. बाटली खेळणं आणि सॅक नाही? विचार केला तर विसंगत नाही. साबण भरायचा तर साधी बाटलीही चालते, ही घेतात ती टबात तिच्याशी खेळता यावं म्हणून. सॅकवरचं चित्र खरवडून काढा, ती सॅकच राहते. टेस्ट केस म्हणून हे वाईट नाही.

आता आपल्याकडे या. इथे सगळं उलटं. २०१८ मध्ये बॅगांवरची मूळ कस्टम्स ड्यूटी १० वरून १५ टक्के झाली. खेळण्यांवरची २०२० मध्ये २० वरून एकदम ६०, आणि २०२३ मध्ये ७०. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बी.आय.एस.चा शिक्का सक्तीचा. म्हणजे तीच गुलाबी सॅक अमेरिकेतला आयातदार छातीठोकपणे 'खेळणं' म्हणणार, आणि मुंबईतला 'छे हो साहेब, दप्तर आहे!' वस्तू तीच, इनपुट तेच, आउटपुट कोण किती भरणार त्यावर. असला कोड कोणी रिव्ह्यूला पाठवला तर मी परत पाठवीन.

देशी खेळणी बनवणाऱ्यांना आधार द्यायला माझा विरोध नाही. पण दोन शेजारच्या खणांत १५ आणि ७० ठेवले की प्रत्येक सीमेवरच्या वस्तूवर वाद होणारच. मऊ अस्वलाच्या पोटाला चेन लावली की बॅग? बॅगेला कान आणि शेपटी लावली की अस्वल? मोठी कंपनी त्यासाठी वकील ठेवते. मस्जिद बंदरला दुकान असलेला छोटा आयातदार काय करणार? माल अडकला की गोदीचं भाडं रोज चढतं, मग तो म्हणतो जाऊ दे, भरतो. आणि शेवटी ते आपल्या बिलात येतं.

माल मागवण्याआधीच 'हे नक्की कशात बसतं' असं विचारायची सोय आहे. कस्टम्सचं अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरण मुंबई आणि दिल्लीत २०२१ पासून चालू आहे. माझं म्हणणं, मुलांच्या वस्तू आणणाऱ्याने ऑर्डर देण्याआधी तिथे अर्ज करावा. आणि सरकारने त्याहून आधी तो ५५ टक्क्यांचा फरक तरी कमी करावा.